गल्लीकडं पाठ

एफ्राईन तोआपांता चढ उलटा चढायचा. तोंड पाहुण्यांकडं, पाठ डोंगराकडं, हातात मिटलेली लाल छत्री उंच धरलेली आणि तोंडाचा पट्टा सुरू. कीतोच्या ला तोला वस्तीतल्या गल्ल्या अशा उभ्या आहेत, की सरळ चढतानाही परक्या माणसाचा ऊर फुटतो. हा मात्र मागं न बघता पायरी, गटार, उन्हात पसरलेलं कुत्रं, सगळं चुकवत वर पोचायचा आणि म्हणायचा, "बघा, पडलो नाही. माझी आई सांगते, हा जन्मालाही असाच आला, उलटा." पाहुणे धापा टाकत हसायचे. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसू.

आई असलं काही सांगत नव्हती. पण एफ्राईन जे सांगेल ते घडलेलंच असावं, असा कोणाचा हट्टही नव्हता. या खिडकीतून एका ननने प्रियकराला दोर सोडला, त्या विहिरीत सैतानाची पगडी पडली, या भिंतीला कान लावला तर जुन्या घंटेचा आवाज येतो. पाहुणे कान लावायचे आणि त्यांतल्या एकाला तरी तो यायचाच. गल्लीतले लोक आपापल्या दारात बसून ऐकायचे, आपल्या रोजच्या दगडामातीला एवढा इतिहास कुठून फुटला याचं त्यांना नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. पोरगं आपलंच होतं.

अगदी आपलंच. बाप केळीच्या मळ्यात कामाला म्हणून किनाऱ्याकडं गेला तो गेलाच. आई तार्हेलिया खालच्या शहरात लोकांच्या घरी इस्त्रीला जायची, ती अंधार पडल्यावर परतायची. तोवर पोराचा मुक्काम गल्लीच्या मधोमध, आत अंगणासारखा चौक असलेल्या जुन्या घरात, दोन्या मेलिदाच्या, म्हणजे मेलिदाबाईंच्या, चुलीपाशी. ते घर एका म्हातारीच्या मालकीचं, मेलिदा तिथली भाडेकरू. संध्याकाळी दारात मोठं पातेलं मांडून ती मोरोचो विकायची, दुधात आटवलेली मक्याची गोड पेज. पातेल्याच्या तळाशी धरलेली खरवड एफ्राईनची. सकाळी शाळेला निघताना पिचिंचाच्या डोंगरावरून बोचरा वारा सुटलेला असायचा. तेव्हा ती त्याला दारात अडवायची, खालच्या बटणापासून वरच्या बटणापर्यंत कोट लावायची आणि म्हणायची, "गळा झाक." तिच्याकडं सगळ्या रोगांवर हेच एक औषध होतं.

पुढं तो एका हॉटेलच्या धुलाईघरात लागला, पाहुण्यांच्या तोंडून इंग्रजी उचलली, आणि एक दिवस छत्री घेऊन गाईड झाला. त्याच्या फेरीचा शेवट ठरलेला. चौकाच्या घराचा जिना चढून वरच्या सज्जात न्यायचं. तिथून अख्खं जुनं शहर दिसतं, आणि समोरच्या टेकडीवरची पंखांच्या देवमातेची मूर्ती अशी दिसते की जणू आत्ता उडेल. पाहुणे गप्प झाले की मेलिदा पेले घेऊन यायची. "ही माझी दुसरी आई," तो सांगायचा. ही मात्र खरी गोष्ट होती. मेलिदाला एक अक्षर इंग्रजी येत नव्हतं, पण या वाक्याला ती एप्रनला हात पुसत मान हलवायची.

या सज्जापासूनच सगळं बिघडत गेलं. ऑक्टोबरच्या अखेरीस फेरीला आलेला एक उंच, नम्र, पिकल्या केसांचा परदेशी गृहस्थ दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही आला. घर कोणाचं, विचारू लागला. घरमालकीण म्हातारी वर्षापूर्वी वारली होती आणि घर तिच्या पुतण्याकडं आलं होतं. तो राहायचा शहराच्या उत्तर टोकाला, त्याला ही गल्ली म्हणजे पायातला खडा. दोघांची गाठ पडली ती चौकातच, आणि दोघांना एकमेकांची भाषा येईना म्हणून मधे उभा राहिला एफ्राईन.

त्यात त्याला काडीचा फायदा नव्हता. त्यानं दलाली घेतली नाही, मागितलीही नाही. कोणी मदतीला बोलावलं की पुढं व्हायची सवय, आणि बोलायला मिळतंय हाच आनंद. पुतण्या म्हणाला, "भाडेकरूंची काळजी करू नका, डिसेंबर संपायच्या आत घर मोकळं करून देतो." एफ्राईननं ते इंग्रजीत सांगितलं. परदेशी गृहस्थ म्हणाला, घराचा आत्मा टिकला पाहिजे. एफ्राईननं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. मग पुतण्यानं काहीतरी थट्टा केली, एफ्राईननं तीही इंग्रजीत सांगितली, ते दोघे हसले आणि मधला माणूस म्हणून तोही हसला. वर, चौकाकडच्या कठड्याला भाडेकरूंची तीन बिऱ्हाडं उभी होती. पुतण्याचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द कळत होतं. मेलिदाच्या हातात धुतलेले पेले होते. पुतण्याची थट्टा संपेपर्यंत एफ्राईनचं वर लक्षच गेलं नाही.

आमच्याकडं भांडत नाहीत. किनाऱ्यावरची माणसं आरडाओरडा करतात, ताटं फोडतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. कीतोचा माणूस गुड मॉर्निंग म्हणतो आणि दार लावून घेतो. एफ्राईनशी कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. फक्त त्याचं बोलणं ऐकायला दारात कोणी बसेना. पाववालीनं पाव दिला, पण नेहमीचा वरचा एक फुकटचा दिला नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी सुताराचं दुकान असलेला होल्गेर, ज्याच्याबरोबर त्यानं लहानपणी गोट्यांपायी मार खाल्ला होता, तो त्याला तुम्ही म्हणायला लागला. "या, बसा, कसं काय चाललंय तुमचं?" एफ्राईनला वाटलं, यापेक्षा रंधा फेकून मारला असता तर परवडलं असतं.

मेलिदाकडं मात्र तो गेलाच नाही. जायचं ठरवायचा. काय बोलायचं ते उलट चालता चालता मनात जुळवायचा, आणि दिवसभर परक्यांसमोर न अडखळणारी जीभ त्या एका दाराच्या विचारानं टाळ्याला चिकटायची. त्यानं फेरीचा शेवट बदलला. सज्जाऐवजी तो पाहुण्यांना वरच्या चौथऱ्यावर नेऊ लागला. तिथून देवमाता कडेनंच दिसते आणि फार वारा लागतो.

वर्षाचा शेवटचा दिवस आला. या दिवशी गल्लोगल्ली म्हातारा बसवतात. जुने कपडे, आत भुसा, वर कागदाच्या लगद्याचा मुखवटा, आणि मध्यरात्री त्याला रस्त्यात जाळून टाकायचं. जुनं वर्ष गेलं. म्हातारा कोणाचा करायचा हे ज्या त्या गल्लीनं ठरवायचं. बहुतेक मंत्र्यासंत्र्यांचा करतात. पुरुष काळे झगे घालून, ओठ रंगवून त्याच्या विधवा होतात, रस्त्यात दोर धरून गाड्या अडवतात आणि रडत रडत सुटे पैसे मागतात. पाहुण्यांना हे सगळं बघायचं असतं, म्हणून एफ्राईनला त्या दिवशी दोन फेऱ्या.

सकाळी त्याचा हिरवा कोट सापडेना. जाड धारीदार कापडाचा, कोपरांना आईनं चामड्याची ठिगळं लावलेला तो कोट म्हणजे त्याचा गणवेशच होता. आईला विचारलं तर ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, असेल इथंच कुठं, आज दुसरा घाल. तो दुसरा घालून गेला.

दुपारची फेरी खालून वर आली. एफ्राईन नेहमीसारखा उलटा चढत होता आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगत होता: आमच्या लहानपणी एका म्हाताऱ्यात कोणीतरी फटाके भरले होते आणि त्याचं डोकं उडून चर्चच्या दारात पडलं होतं. पाहुणे हसत होते. मग त्यांचं हसणं एकाएकी वाढलं आणि त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेली. काहींनी फोटो काढायला सुरुवात केली. एका बाईनं विचारलं, "हा कोण?"

एफ्राईन वळला.

होल्गेरच्या दुकानापुढं, निलगिरीच्या फांद्यांच्या मांडवाखाली, खुर्चीवर म्हातारा बसला होता. हातात मिटलेली लाल छत्री उंच धरलेली. मुखवट्याचं तोंड कानापर्यंत उघडं. गळ्यात पाटी, त्यावर स्पॅनिशमध्ये एफ्राईनचं रोजचं पहिलं वाक्य: आमच्या गल्लीत तुमचं स्वागत असो. खुर्ची अशी मांडली होती की म्हाताऱ्याचं तोंड येणाऱ्यांकडं आणि पाठ सगळ्या गल्लीकडं. अंगात हिरवा कोट. कोपरांना चामड्याची ठिगळं.

"हा एक गाईड आहे," एफ्राईन म्हणाला.

"कुठला?"

"इथलाच."

त्या बाईला ते फार आवडलं. तिनं त्याला म्हाताऱ्याशेजारी उभं राहायला सांगितलं, तशीच छत्री धरून. वरच्या खिडक्यांचे पडदे हलत होते. नाही म्हणावं असं त्याच्या धंद्यात शिकवलेलंच नसतं. तो उभा राहिला, त्यानं छत्री उंच केली, हसला, आणि त्यांचे फोटो काढून होईपर्यंत हसत राहिला. होल्गेर दुकानात लाकूड घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

पाहुण्यांना वरच्या चौथऱ्यावर सोडून तो तडक घरी गेला. घरचा भेदी कोण, हे शोधायला लांब जायचं नव्हतं. आता एकच आशा होती. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पोरं दारोदार म्हाताऱ्यासाठी जुने कपडे मागत फिरतात, आणि घरात चष्मा न लावता वावरणाऱ्या बाया हाताला लागेल ते देऊन टाकतात. एकदा एका बाईनं नवऱ्याचा लग्नातला सूट दिला होता, तो जळताना नवऱ्यानं ओळखला. तसंच झालं असणार. आईनं न बघता दिला असणार.

तार्हेलिया चुलीपाशी पिठाच्या फुगीर पुऱ्या तळत होती. त्यानं विचारलं, कोट तू दिलास का? हो म्हणाली. कशासाठी मागतात ते माहीत होतं का? तिनं झाऱ्यानं पुरी उलटली.

"मागितला कोणी? मी नेऊन दिला," ती म्हणाली. "होल्गेर यंदा त्या पुतण्याचा म्हातारा करणार होता. मी म्हटलं, त्याला जाळून काय मिळणार, तो काय इथं राहतो? माझ्या मुलाचा कर."

एफ्राईन खाली बसला. म्हणाला, "आई, माझी चूक झाली असेल. पण मी घर विकलं नाही."

"तुला कोण म्हणतं विकलंस? तू मेलिदासमोर उभा राहून तिचं बिऱ्हाड काढायची भाषा केलीस आणि हसलास. वर बघितलंही नाहीस." मग तिनं कढई उतरवली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. "सेगुंदो चांभार आठवतो? जत्रेची वर्गणी खाल्ली म्हणत होते. त्याचा म्हातारा कोणी केला नाही, जाळला नाही. म्हणून मरेपर्यंत या गल्लीत कोणी त्याच्याशी बोललं नाही, आणि शवपेटी उचलायला माणसं बाहेरून आणावी लागली. आणि पाववालीच्या बापानं होल्गेरच्या काकाचं डोकं फोडलं, तर त्या बापाचा म्हातारा जाळला. दुसऱ्या दिवशी तोच काका पाव घ्यायला त्याच्या दारात. ज्याला जाळतात त्याचं फिटतं. ज्याला जाळत नाहीत, त्याचं राहतं."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर कोट लपवला असतास."

हे खरं होतं. त्याला राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्याच्याच तळाशी कुठंतरी आपल्यासाठी ही म्हातारी सुताराच्या दारात पदर पसरायला गेली हे मनातून जात नव्हतं. दोन महिने तो गल्लीत भुतासारखा वावरला होता. आज रात्री म्हाताऱ्याचं मृत्युपत्र वाचतील, ज्याला त्याला त्याच्या नावानं एकेक टोमणा वाटतील, लोक पोट धरून हसतील, मग जाळतील, आणि उद्या होल्गेर म्हणेल, ये, बस. हे त्याला हवं होतं. फार हवं होतं. पण ज्या माणसाशी फिटायला पाहिजे, ते माणूस सोडून बाकी सगळ्यांशी फिटून काय करायचं, हेही त्याला कळत होतं.

"दोन्या मेलिदा असेल ना रात्री?" त्यानं विचारलं.

"ती आज निघते. भाचीचा ट्रक आलाय. संध्याकाळच्या आत तिच्याकडं कारापुंगोला पोचायचंय, मग म्हातारे जाळायला तिकडं रस्ते बंद होतात." तार्हेलियानं हात पुसले. "जा. अजून असेल."

तो धावत उतरला. सरळ उतरताना त्याचे पाय अडखळले, त्या गल्लीत आयुष्यात पहिल्यांदाच. ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता, कारण वर चढत नाही. त्यावर पलंगाची लाकडं, गादी, कुंड्या आणि उपडं घातलेलं मोरोचोचं पातेलं. विधवांनी दोर गुंडाळून ठेवला होता आणि रंगवलेल्या तोंडानं त्या कुंड्या चढवायला मदत करत होत्या. ऊन कलून भिंतींवर गेलं होतं आणि डोंगरावरून वारा सुटला होता.

मेलिदा चौकाच्या दारातून बाहेर आली. तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लावायचं काम आता तिचं नव्हतं. हातात एक पिशवी आणि चर्चला जाताना पांघरायची काळी शाल. दारादारांतून बाया पुढं झाल्या, तिनं प्रत्येकीला मिठी मारली, प्रत्येकीला तेच सांगितलं, येत जाईन. एफ्राईन म्हाताऱ्याच्या मांडवापाशी उभा राहिला. तिला इथूनच जावं लागणार होतं. त्यानं वाक्य जुळवलं. माफ करा एवढंच म्हणायचं, बाकी काही नको.

ती सावकाश उतरत आली आणि म्हाताऱ्यापुढं थांबली. त्या उघड्या तोंडाकडं, छत्रीकडं, पाटीकडं तिनं बघितलं. तिला वाचता येत होतं. मग तिनं पिशवी जमिनीवर ठेवली, शाल काखेत धरली आणि वाकून कोटाचं खालचं बटण लावलं. बोटं सांध्यांशी सुजलेली, त्यामुळं वेळ लागत होता. दुसरं लावलं. तिसरं लावलं. गळ्याशी भुसा बाहेर आला होता, तो तिनं बोटानं आत सारला आणि वरचं बटण लावलं.

"गळा झाक, बाळा," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "गार वारा आहे."

तिनं पिशवी उचलली. समोर, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, एफ्राईन उभा होता. त्याचं वाक्य तोंडाशी आलं होतं. मेलिदानं त्याच्याकडं बघितलं, अगदी नीट, रागानं नाही, आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाला करतात तशी मान लववली.

"नवीन वर्ष सुखाचं जावो, साहेब," ती म्हणाली आणि ट्रककडं गेली.

भाचीनं तिला वर घेतलं. ट्रक वळणावरून खाली उतरला, पातेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाया आपापल्या दारांत परतल्या. एफ्राईन होता तिथंच उभा होता.

होल्गेर दुकानातून बाहेर आला. अंगावरचा भुसा झटकत त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं, मग एफ्राईनकडं.

"एफ्रा," तो म्हणाला, "कोट चांगला आहे रे. काढून घे. त्याला माझा जुना सदरा घालतो, अंधारात कोणाला कळतंय."

दोन महिन्यांनी त्याच्या तोंडून ते नाव ऐकू आलं होतं. एफ्राईननं हात पुढं केला. वरचं बटण गळ्याशी घट्ट बसलं होतं, कापडाला एक सुरकुती नव्हती. त्यानं ते चाचपलं आणि हात मागं घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "बटणं तिनं लावलीत."